अक्षरे जुळली, अर्थाचे काय?

विस्कटलेली अक्षरे द्यावयाची आणि त्यांतून शब्द शोधावयास सांगावयाचे, हा खेळ शाळेच्या वर्गात आणि रविवारच्या पुरवण्यांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. मुलांना तो आवडतो, आणि आवडावा असाच आहे. तक्रार आहे ती एवढीच, की शब्द जुळला की गुण मिळतात आणि अर्थ पुष्कळदा कोणी विचारीतच नाही.

'म, द, न' या अक्षरांतून मदन निघतो, तसेच दमनही निघते. 'न, म, न' यांतून नमनही साधते आणि मननही. छापील उत्तर एकच असेल, तर दुसरे उत्तर लिहिणारा विद्यार्थी उगाच नापास होतो. शिवाय आपल्या लिपीचा स्वभाव रोमन लिपीहून निराळा. 'नदी'चा 'दीन' आणि 'राधा'ची 'धारा' अक्षर न मोडता होते. परंतु 'नवरा' या शब्दाचा 'वानर' करावयाचा, तर काना एका अक्षरावरून उचलून दुसऱ्यावर ठेवावा लागतो. (विवाहित वाचकांनी उदाहरण मनास लावून घेऊ नये.) असे चालेल की नाही, हे खेळापूर्वीच सांगावयास नको काय?

नुसत्या जुळणीवर विसंबले म्हणजे मोठी माणसेही कशी चकतात, याचे उदाहरण खगोलशास्त्राच्या इतिहासात आहे. १६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शनी तिहेरी दिसला. शोध आपल्या नावावर राहावा, पण इतक्यात उघड होऊ नये, म्हणून त्याने ते लॅटिन वाक्य अक्षरे विस्कटून धाडले. केप्लरने ती अक्षरे चिकाटीने जुळविली आणि मंगळाला दोन उपग्रह असल्याचा अर्थ काढला! गॅलिलिओच्या मनात मंगळ नव्हताच. गंमत अशी, की १८७७ साली मंगळाचे दोन उपग्रह खरोखरच सापडले. आणि गॅलिलिओला दिसलेला तिहेरी शनी मात्र, हायगेन्सने १६५९ साली दाखविल्याप्रमाणे, कडे असलेला एकच ग्रह ठरला. म्हणजे केप्लरचे वाचन चुकीचे, पण त्यातली गोष्ट खरी. गॅलिलिओचे वाक्य त्याचेच, पण त्यातली गोष्ट चुकीची.

आपल्या परंपरेला अक्षरांची ही उलटापालट अपरिचित नाही. 'हिंस्' या धातूतील वर्ण उलटून 'सिंह' झाला असावा, असा एक पर्याय यास्काने निरुक्तात दिला आहे. आजचे भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मानीलच असे नाही. परंतु यास्काची दृष्टी अर्थावर होती. अर्थ हाती धरून तो वर्णांकडे वळत असे. आपण मात्र वर्ण जुळवून तेथेच थांबतो.

उपाय खर्चाचा नाही. अक्षरांसोबत एक अपुरे वाक्य द्यावे. 'क, ल, म' एवढेच लिहिले, तर 'कमल' आणि 'कलम' दोन्ही बरोबर. पण 'माळ्याने आंब्याचे … बांधले' असे वाक्य पुढे आले की विद्यार्थ्याला थांबून विचार करावा लागतो. त्याने 'कलम' लिहिले, की शिक्षकांनी त्याच शब्दाची आणखी दोन वाक्ये मागावीत : एक लिहिणाऱ्याच्या हातातल्या कलमाचे, दुसरे कायद्यातल्या कलमाचे.