मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकांची कुरकुर

मॉरिस मायनरच्या पुढच्या सस्पेंशनमधून येणारी कुरकुर दोन जातींची असते: रबराची आणि लोखंडाची. रबराची कुरकुर फार तर मालकाचे डोके खाते. लोखंडाची दुर्लक्षित राहिली तर एक दिवस चाकच आडवे पाडते. कानाला दोन्ही जवळजवळ सारख्याच लागतात, उपाय मात्र एकमेकांच्या उलट आहेत. लोखंडी सांध्याला ग्रीस हवे असते, आणि तेच ग्रीस रबराला हळूहळू कुजवते. म्हणून या दुरुस्तीत पाना हातात घेण्याआधीचे काम, म्हणजे आवाज नेमका कुठून येतो ते शोधणे, हेच मोठे काम.

मायनर १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली आणि १९७१पर्यंत बनत राहिली. तिचा आराखडा अ‍ॅलेक इसिगोनिस यांचा, पुढे ‘मिनी’ घडवणारे तेच. सस्पेंशन हा त्यांचा खास विषय होता आणि मायनर वळणावर जी चिकटून धावते त्याचे श्रेय बरेचसे त्यालाच जाते. भारतात ही गाडी हिंदुस्तान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने विकली. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेल्या अ‍ॅम्बॅसडरच्या पुढच्या चाकांनाही टॉर्शन बारच होते. त्यामुळे अ‍ॅम्बॅसडरखाली उमेदीची वर्षे काढलेल्या मिस्त्रीला मायनरखाली सरकल्यावर फारसे परके वाटत नाही.

गाडीखाली डोकावले की पहिल्यांदा जाणवते ते हे की पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग नाही आणि पाटेही नाहीत. त्यांच्या जागी प्रत्येक बाजूला पुढून मागे गेलेला एक लांब पोलादी दांडा असतो, तोच टॉर्शन बार. त्याचे मागचे टोक चॅसिसच्या आडव्या पट्टीला घट्ट जखडलेले असते, पुढचे टोक खालच्या आर्ममध्ये खाचांनी बसलेले. चाक वर उचलले गेले की आर्म फिरतो आणि दांडा ओल्या धुण्यासारखा पिळला जातो. पीळ सुटताना चाक पुन्हा खाली येते. वरच्या बाजूला वेगळा आर्म नाही. तिथे आर्मस्ट्राँग पद्धतीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहे. तो नळीसारखा नसून तेलाने भरलेल्या डबीसारखा असतो, आणि त्यातून बाहेर आलेला दांडाच वरच्या आर्मचे काम करतो. खालचा आर्म पुढे-मागे सरकू नये म्हणून त्याला पुढून तिरका टाय बार धरून ठेवतो.

या दोन आर्मांच्या मध्ये उभी असते स्विव्हल पिन. चाकाची धुरा हिच्यावरच असते आणि स्टिअरिंग फिरवले की हीच फिरते. तिच्या वरच्या आणि खालच्या टोकांना आटे पाडलेले असतात, आणि ही आटेदार टोके वरच्या व खालच्या ट्रनियनमध्ये स्क्रूसारखी बसतात. म्हणजे स्टिअरिंग वळवताना पिन आट्यांवरून फिरत थोडी वर-खाली होते. लोखंडावर लोखंड घासणारी जागा ही. प्रत्येक ट्रनियनला एक ग्रीस निप्पल, असे दोन्ही बाजूंचे मिळून चार. बाकीचे हलणारे सांधे रबरी: वरच्या ट्रनियनचे बुश, खालच्या ट्रनियनचे बुश, खालचा आर्म आतल्या टोकाला जिथे टेकतो तो आय-बोल्टमधला जाड बुश, आणि टाय बारच्या पुढच्या टोकाचे दोन रबरी तुकडे.

रबरी बुश वंगणावर चालत नाही, हे इथे नीट समजून घ्यावे लागते. तो त्याच्या मधून जाणाऱ्या पिनेवर घसरतच नाही. पिन आणि बाहेरचे लोखंड त्याला दोन्हीकडून आवळून धरतात आणि मधले रबर स्वतःच पिळले जाऊन हालचाल सामावून घेते. रबर नवे असेपर्यंत यात आवाजाला जागाच नसते. वर्षे गेली की रबर कडक होते, आकसते, आणि पिनेवरची त्याची पकड सुटते. मग ते क्षणभर चिकटते, क्षणभर घसरते, पुन्हा चिकटते. ही चिकट-घसर इतक्या वेगाने होते की तिची चीं-चीं ऐकू येते. रबर ओले झाले की घर्षण कमी होते आणि आवाज थांबतो. मुंबई-पुण्याकडे अशा गाडीचा मालक जून ते सप्टेंबर निर्धास्त असतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्याची तक्रार पुन्हा सुरू होते, त्याचे कारण हेच.

आवाज शोधण्याची पहिली पायरी गाडी उभी असतानाच होते. इंजिन बंद ठेवून एकाने पुढचा एक कोपरा वजन टाकून दाबायचा आणि सोडायचा. दुसऱ्याने चाकामागे वाकून ऐकायचे. या दाबण्यात सगळे रबरी सांधे हलतात, पण पिनेचे आटे जवळजवळ हलत नाहीत. म्हणून इथे कुरकुर आली तर संशय रबरावर. मग कोपरा न दाबता नुसते स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे. आता कर्र आवाज आला, किंवा स्टिअरिंग जड लागले आणि वळणानंतर आपणहून सरळ यायला कुचराई करू लागले, तर ट्रनियन कोरडे पडले आहेत. ब्रेक दाबताना पुढून एकच ठक्क आवाज येतो तो बहुधा टाय बारच्या रबराचा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेल कमी झाल्यावर कुरकुरत नाही, पचपचतो. आणि कोपरा सोडल्यावर गाडी दोन-तीनदा झुलत राहते.

संशय एका जागेवर आणायचा तर पाण्याची फवारणीची बाटली पुरते. एका वेळी एकाच बुशवर पाणी मारायचे आणि कोपरा दाबायचा. ज्या बुशवर पाणी पडताच आवाज थांबतो, तो दोषी. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक सांध्यावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवूनही आवाजाची जागा पकडता येते. जुने फिटर हेच करतात. पाण्याऐवजी फवाऱ्याचे वंगण मारण्याचा मोह मात्र आवरावा. त्यातले खनिज तेल सगळ्या बुशांवर उडते, सगळेच आवाज एकदम बंद होतात, काहीच कळत नाही आणि आठवडाभराने रबर फुगायला लागते. बॉनेटचे बिजागर आणि मडगार्डच्या सांध्यातली पट्टीसुद्धा हुबेहूब सस्पेंशनसारखी कुरकुरते, हेही लक्षात ठेवलेले बरे. निर्दोष बुश बदलल्याची उदाहरणे कमी नाहीत.

ग्रीस मारण्याचे काम साधे दिसते आणि बहुतेक ठिकाणी चुकीचे होते. चाक जमिनीवर असताना गाडीचा भार आट्यांच्या एकाच बाजूवर दाबलेला असतो. ग्रीस गनने कितीही दाबले तरी ग्रीस मोकळ्या बाजूने निघून जाते आणि जिथे घासते ती बाजू कोरडीच राहते. म्हणून मागच्या चाकांना ओट लावून गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलायचा, चॅसिसखाली स्टँड द्यायचे, चाके लोंबू द्यायची. निप्पल फडक्याने पुसून घ्यायचे, नाहीतर वरचा चिखलच आत जातो. मग गन चालवता चालवता दुसऱ्याने स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवत राहायचे. आधी काळे, मातकट ग्रीस बाहेर येते. स्वच्छ ग्रीस दिसू लागले की थांबायचे. बाहेर आलेले ग्रीस पुसून टाकायचे, कारण शेजारीच रबर आहे. निप्पल ग्रीस घेतच नसेल तर ते बदलावे. आत वाळलेले ग्रीस दगड झालेले असते. जुन्या हस्तपुस्तिकांमध्ये या निप्पलांना दर १००० मैलांनी ग्रीस सांगितले आहे. आजचे मालक वर्षातून एकदा मारतात आणि त्यालाच फार समजतात.

हा नियम न पाळल्याचा परिणाम मायनरच्या जगात कुप्रसिद्ध आहे. टॉर्शन बारचा जोर खालच्या आर्मवर, आणि आर्ममधून खालच्या ट्रनियनवर येतो. गाडीच्या त्या कोपऱ्याचे वजन मूठभर आट्यांवर तोललेले असते. आटे झिजून पातळ झाले की एके दिवशी पिन ट्रनियनमधून निसटते, चाक बाहेर कलंडते आणि गाडी मडगार्डवर बसते. बहुतेक वेळा हे गाडी लावताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना घडते, म्हणून जीव वाचतात. ब्रिटनमध्ये पूर्वी वार्षिक तपासणीत ही झीज पकडली जायची. मे २०१८पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना ती तपासणी सक्तीची राहिलेली नाही.

झीज तपासायला चाक उचललेलेच लागते. टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवायचा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचे. खेळ गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा. राहिला तर स्विव्हल पिनेचा किंवा बुशांचा, आणि खालच्या ट्रनियनवर बोट ठेवून तो कुठला हे ठरते. मग टायरखाली पहार घालून चाक सरळ वर उचलून पाहायचे. पिन ट्रनियनमध्ये वर-खाली होताना दिसली, तर आटे गेले आहेत. यावर ग्रीस हा उपाय नाही. ट्रनियन आणि पिन जोडीनेच बदलावी. झिजलेल्या पिनेवर नवे ट्रनियन चढवणे म्हणजे पैसे पाण्यात. डाव्या आणि उजव्या बाजूचे भाग वेगळे असतात, तेव्हा विकत घेतानाच बाजू तपासावी.

उघडण्याचे काम करताना खरा धोका टॉर्शन बारचा. गाडी स्टँडवर असली तरी दांड्यात पीळ शिल्लक असतो. खालच्या आर्मखाली दुसरा जॅक लावून त्याला आधार दिल्याशिवाय ट्रनियन सोडवले तर आर्म झटक्यात खाली येतो आणि बोटे सापडतात. रबरी बुश बदलायचे तर आर्म असाच तोलून धरून, बुशमधल्या पिनेचे नट काढून, जुने रबर उकरून काढायचे. पिनेवर गंज किंवा खड्डे असतील तर तीही बदलायची, कारण खडबडीत पिनेवर नवे रबरही टिकत नाही. आय-बोल्टचा बुश सर्वांत कष्टाचा. त्यासाठी टॉर्शन बार खाचांतून मागे सरकवावा लागतो. दोन्ही दांड्यांवर बाजूची आणि बसवण्याची खूण आधीच करावी. वापरलेला दांडा एका दिशेच्या पिळाला सरावलेला असतो, तो दुसऱ्या बाजूला लावत नाहीत. त्यावर हातोडी किंवा छिन्नीचा ओरखडाही उमटू देऊ नये. पोलादाची चीर अशाच ओरखड्यापासून सुरू होते.

नवे रबर कोरडेच किंवा साबणाच्या पाण्याने ओले करून बसवतात. काही लावायचेच असेल तर एरंडेल तेलावर आधारित लाल रबर ग्रीस चालते. हल्ली पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही मिळतात. ते रबरापेक्षा टिकाऊ, पण त्यांचे काम वेगळ्या तऱ्हेने चालते: ते पिळले जात नाहीत, पिनेवर फिरतात. त्यामुळे त्यांना सिलिकॉन ग्रीस लावावेच लागते, आणि कोरडे बसवले तर जुन्या रबराहून वाईट ओरडतात. आवाजाला कंटाळून हे बुश लावणाऱ्याची अशी फजिती अनेकदा होते.

नट कधी आवळायचे, यावर सगळ्या कामाचे आयुष्य ठरते. चाके लोंबत असताना रबरी सांध्याचे नट पूर्ण आवळले, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत जखडते. गाडी खाली उतरताच ते कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते किंवा पुन्हा घसरून कुरकुरू लागते. म्हणून वर असताना नट नुसते हाताला लागेपर्यंत फिरवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, कोपरा चार वेळा दाबून बसू द्यायची, आणि मगच पूर्ण आवळायचे. जिथे स्प्लिट पिन आहे तिथे नवीच घालायची.

त्यानंतर सपाट जागी दोन्ही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून पाहावी. फरक जास्त असेल तर टॉर्शन बारच्या मागच्या टोकाशी असलेल्या पट्टीची छिद्रे बदलून तो काढता येतो. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर सगळे नट एकदा पुन्हा तपासायचे, आणि आपल्याकडे पावसाळ्याचा चिखल आत जात असल्याने दसऱ्याच्या सुमारास चारही निप्पलांना न चुकता ग्रीस मारायचे.