आधी कंदील, मग माणूस

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल, पोटात ऐसपैस, तोंडाशी जेमतेम माणूस उतरेल एवढी. हळद भरून तोंड लिंपलं की आत कीड टिकत नाही, कारण आतला प्राणवायू हळूहळू खर्ची पडतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. जिथं किडा जगत नाही तिथं हमाल कसा जगेल? म्हणून पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नाही. काही तास वारं खेळू द्यायचं, मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. विझला तर थांबायचं.

या कंदिलाबद्दल मला आदर आहे. पण त्याला एकच प्रश्न कळतो, आणि त्याचंही उत्तर तो उशिरा देतो. ज्योत विझते साधारण 16-17 टक्के प्राणवायूला. धोक्याची रेघ मात्र 19.5 टक्क्यांवरच आखलेली आहे. मैल्याच्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड त्याला उमगत नाही, आणि मिथेन साचला असेल तर कंदीलच ठिणगी.

कारखान्यांत आता त्याच्या जागी तळहाताएवढा मीटर असतो. तो चार गोष्टी मोजतो: प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. वाचायचा आधी प्राणवायू, आणि याला कारण आहे. ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर तो वायू जाळूनच मोजतो. जाळायला प्राणवायू नसेल तर मिथेननं भरलेल्या टाकीतही तो शून्याजवळचा आकडा दाखवील.

मीटर नुसता झाकणाशी धरून भागत नाही. मिथेन हलका, वर चढतो. हायड्रोजन सल्फाइड जड, तळाशी बसतो. म्हणून नळी तोंडाशी, मध्ये आणि तळाला सोडायची, आणि नळी लांब असेल तितकं जास्त थांबायचं. उतरल्यावरही मीटर अंगावर चालूच हवा. सकाळी स्वच्छ निघालेल्या टाकीत गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू भसकन सुटतो. हायड्रोजन सल्फाइडच्या सडक्या अंड्यांसारख्या वासावर तर मुळीच विसंबू नये: दहा लाखांत 100 भागांच्या आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून माणसं आणखी खाली उतरतात.

2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्यातलं कलम 36 सांगायचं की जाणकारानं स्वतः तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय टाकीत माणूस उतरवायचा नाही. नाहीतर श्वासयंत्र आणि दोरीचा पट्टा हवा असे. गटारात उतरणाऱ्यांच्या वाट्याला मीटर क्वचित येतो, मेल्यावर भरपाई येते. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती 10 लाखांवरून 30 लाख केली. त्या मानानं मीटर फार स्वस्त आहे.

एक उणीव मात्र ध्यानात ठेवा. चार वायूंच्या नेहमीच्या मीटरला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. आंबवणीच्या टाकीत तो हवेत मिसळून 5 टक्के झाला, तरी प्राणवायू 19.8 च्या आसपासच राहतो आणि भोंगा वाजत नाही. माणसाच्या जिवाला 4 टक्केही घातक. पेवासाठी किंवा वाइनच्या टाकीसाठी मीटर घेणार असाल, तर कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर वेगळा मागून घ्या.