पोत्यावरचा आकडा आणि शाळेतले रसायनशास्त्र

२०२० च्या जानेवारीत साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे पाथरीचे नाव महाराष्ट्रभर गाजले. विकासनिधीची घोषणा झाली, शिर्डीकरांनी बंद पाळला आणि काही दिवसांत सारे शांत झाले. त्या गदारोळात पाथरी तालुक्याच्या रोजच्या जीवनाची चर्चा होण्याचे कारणच नव्हते. ते जीवन दक्षिणेची गोदावरी, पैठणहून येणारा जायकवाडीचा डावा कालवा आणि या दोहोंमधली काळी जमीन यांच्यावर उभे आहे. कापूस, सोयाबीन, तूर आणि पाणी असेल तेथे ऊस, ही येथली पिके. दर जूनमध्ये या जमिनीत युरिया आणि डीएपीची पोती रिती होतात. त्याच जूनमध्ये शाळा उघडतात आणि शेतकऱ्यांची मुले नववी-दहावीच्या वर्गात अणू, रेणू, संयुग व रासायनिक अभिक्रिया यांचे धडे गिरवू लागतात. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे, हे मात्र शाळेलाही सुचत नाही आणि घरालाही जाणवत नाही.

रसायनशास्त्र हा पाठांतराचा विषय होय, अशी आपल्याकडे एक दृढ समजूत आहे. संयुजा पाठ करावयाच्या, समीकरणे पाठ करावयाची आणि परीक्षा झाली की विसरून जावयाची. वस्तुतः शालेय रसायनशास्त्रातील चार-पाच मूलभूत कल्पना पक्क्या झाल्या, तर मराठवाड्यातील शेतकऱ्याचा पैसा आणि जमीन ही दोन्ही वाचविण्याचे सामर्थ्य त्यांत आहे. हे सामर्थ्य वाया जात आहे, आणि ते वाया जाऊ देण्यात आपल्या शिक्षणपद्धतीचा मोठा वाटा आहे.

एका मूलद्रव्याची अनेक नावे

या अपयशाचे एक कारण भाषेत आहे. निजामाच्या राजवटीत परभणी जिल्ह्यातील उच्च शिक्षणाची वाट उर्दूतून जात असे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे शिक्षणाचे माध्यम केले आणि त्यासाठी शास्त्रीय ग्रंथांचे भाषांतर करणारी स्वतंत्र संस्था हैदराबादेत उभी राहिली. भारतीय भाषेत आधुनिक विज्ञान शिकविता येते, हे त्या प्रयोगाने दाखविले, हे मान्य केले पाहिजे. परंतु मराठी घरातल्या मुलाला ती भाषा परकीच होती. १९४८ नंतर परिस्थिती पालटली आणि मराठीतून विज्ञान शिकण्याचा मार्ग मोकळा झाला. आज मात्र मराठी शाळांतही सेमी-इंग्रजीच्या नावाने विज्ञान पुन्हा परभाषेत जात आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मराठीच्या आतही एकाच मूलद्रव्याला दोन नावे आहेत व ती एकमेकांना ओळखत नाहीत. पाठ्यपुस्तक नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशिअम म्हणते. कृषी खात्याची पत्रके, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार आणि शेतकरी हे नत्र, स्फुरद, पालाश म्हणतात. आवर्त सारणीतील सातव्या क्रमांकाचे मूलद्रव्य म्हणजेच बापाच्या तोंडी रोज असणारे नत्र, हे मुलाला कोणी सांगत नाही. त्यामुळे शाळेतला नायट्रोजन शाळेत राहतो आणि शेतातले नत्र शेतात.

सेहेचाळीस आणि सेहेचाळीस

युरियाच्या पोत्यावर ४६ हा आकडा असतो. तो आला कोठून? नववीच्या 'द्रव्याचे मोजमाप' या पाठाने त्याचे उत्तर मिळते. युरियाच्या एका रेणूत कार्बनचा १, ऑक्सिजनचा १, नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. कार्बनचे १२, ऑक्सिजनचे १६, नायट्रोजनचे २८ आणि हायड्रोजनचे ४ मिळून रेणुवस्तुमान ६० होते. साठात अठ्ठावीस, म्हणजे शेकडा ४६.७. संयुगात मूलद्रव्यांचे प्रमाण नेहमी ठरलेले असते, हा प्रूस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेला नियम पाथरीच्या बाजारात पोत्यावर छापलेला मिळतो. ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र आहे; बाकीचे वजन इतर मूलद्रव्यांचे.

डीएपीच्या पोत्यावर १८ आणि ४६ असे दोन आकडे असतात. हा दुसरा सेहेचाळीस मात्र पहिल्याहून सर्वस्वी निराळा आहे. पहिला मूलद्रव्याचा आहे, दुसरा मूलद्रव्याचा नाहीच. जुन्या काळी रासायनिक पृथक्करणाचे निष्कर्ष ऑक्साइडच्या रूपात मांडण्याची पद्धत होती, ती खतांच्या व्यवहारात आजही टिकून आहे. त्यामुळे पोत्यावरचे 'स्फुरद' म्हणजे फॉस्फरस नव्हे, तर फॉस्फरसचे दोन व ऑक्सिजनचे पाच अणू असलेले एक संयुग होय, आणि ते संयुग त्या पोत्यात प्रत्यक्षात नसतेही! त्याच्या १४२ भागांत फॉस्फरसचे ६२ भाग. म्हणजे ५० किलो डीएपीत 'स्फुरद' २३ किलो, परंतु फॉस्फरस जेमतेम १० किलो. पालाशाचीही तीच गोष्ट. यात फसवणूक नाही, कारण खतांच्या शिफारशीही याच परिमाणात दिलेल्या असतात. परंतु मूलद्रव्य आणि संयुग यांतला भेद ज्याला कळला नाही, त्याला हे दोन सेहेचाळीस एकच वाटणार.

हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाही. २०२४ च्या रब्बी हंगामात देशभर डीएपीचा तुटवडा पडला आणि एकेका पोत्यासाठी शेतकऱ्यांना रांगा लावाव्या लागल्या. अशा वेळी एक साधा हिशेब उपयोगी पडतो. डीएपीच्या एका पोत्यात ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद शेकडा १६, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात ८ किलो. अशी तीन पोती आणि सोबत वीस किलो युरिया घेतला की डीएपीच्या एका पोत्याची भरपाई होते. शिवाय सुपर फॉस्फेटमधून सुमारे १६ किलो गंधक मिळते, जे सोयाबीनसारख्या तेलबियांना हवेच असते. पिकाचे मूळ पोत्यावरचे नाव पाहत नाही, त्याला मिळणाऱ्या पोषणद्रव्याशीच मतलब. दहावीची मुलगी हा हिशेब पाच मिनिटांत करू शकते. तो तिला कोणी घालत नाही, एवढेच.

समीकरण म्हणजे जमाखर्च

रासायनिक समीकरण 'संतुलित' का करावयाचे, हे विद्यार्थ्यांना क्वचितच उमगते. समीकरण हा जमाखर्च आहे; डावीकडे जेवढे अणू जमा, तेवढेच उजवीकडे खर्ची पडले पाहिजेत, एकही हरवता कामा नये. युरिया मातीत पडला की युरिएज या विकराच्या साहाय्याने त्याची पाण्याशी अभिक्रिया होते आणि अमोनिया व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. ६० भाग युरिया व १८ भाग पाणी मिळून ७८. ३४ भाग अमोनिया व ४४ भाग कार्बन डायऑक्साइड मिळून पुन्हा ७८. वहीत हिशेब चोख जुळतो. शेतात मात्र त्यातला अमोनिया मातीत राहतो की हवेत जातो, हा खरा प्रश्न असतो.

मराठवाड्याची काळी जमीन चुनखडीयुक्त असल्याने तिचा सामू बहुधा सातच्या वर असतो. अशा जमिनीत युरिया पृष्ठभागावर फेकला आणि तो तसाच पडून राहिला, तर अमोनियाचा काही भाग वायुरूपाने उडून जातो. तोच युरिया मातीआड केला किंवा पाठोपाठ बेताचे पाणी दिले, तर तो अमोनिअमच्या रूपाने मातीच्या कणांना धरून राहतो. एकही अणू नष्ट झालेला नसतो, तो फक्त आपल्या शेतातून गेलेला असतो. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम इतक्या रोकड्या शब्दांत सांगणारे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

पांढरी फूट

जायकवाडीच्या पाण्याने या भागाचे रूप पालटले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेले आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलेले हे धरण मराठवाड्याचा आधार आहे, हे निराळे सांगावयास नको. परंतु काळ्या जमिनीला पाणी मिळाले आणि निचरा मिळाला नाही, तर खालचे क्षार वर येतात. जमिनीवर पांढरी फूट दिसू लागते. मग कोणी तरी सांगतो, 'जिप्सम टाका'. आणि शेतकरी जिप्सम आणतो.

येथेही रसायनशास्त्र आधी विचारावयास हवे. जमीन नुसती क्षारयुक्त असेल, म्हणजे तिच्यात विरघळणारे क्षार साचले असतील, तर जिप्समचा उपयोग नाही. तिला पाण्याने धुऊन चर काढून निचरा दिला पाहिजे. जमीन चोपण असेल, म्हणजे मातीच्या कणांना सोडिअम चिकटून बसला असेल, तर जिप्सममधला कॅल्शिअम त्याला विस्थापित करतो. मोकळा झालेला सोडिअम सल्फेटच्या रूपाने पाण्यात उतरतो. दहावीच्या वर्गात फळ्यावर जी विस्थापनाची अभिक्रिया लिहितात, तिचेच हे जवळचे भावंड. परंतु हे सोडिअम सल्फेट वाहून जाण्यास वाट नसेल, तर सारी अभिक्रिया व्यर्थ. तो क्षार तेथेच राहणार. निचऱ्यावाचून जिप्सम म्हणजे पैसा मातीत घालणे. दोन्ही जमिनी डोळ्यांना सारख्याच आजारी दिसतात. त्यांतला भेद माती तपासल्यावाचून कळत नाही.

मग शाळेने काय करावे?

यावर एक आक्षेप संभवतो. पाथरीच्या मुलाला खतामातीचेच रसायनशास्त्र का शिकवावे? त्याला डॉक्टर व्हावयाचे असेल, अभियंता व्हावयाचे असेल. त्याला शेतात बांधून ठेवणे हा अन्यायच नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. परंतु युरियाची वाट शेताच्या बांधाशी संपत नाही. १८२८ साली व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने हाच पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला, आणि सजीवांच्या शरीरातील द्रव्ये केवळ जीवनशक्तीनेच निर्माण होतात या समजुतीला मोठा धक्का बसला. गोठ्यातल्या गोमूत्रातला युरिया आणि रायगड जिल्ह्यातील थळच्या कारखान्यातला युरिया यांच्या रेणूंत काडीचा फरक नाही. कारखान्यात हवेतला नायट्रोजन बांधण्यासाठी चारशे अंशांच्या वर तापमान व प्रचंड दाब लागतो. तेच काम सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू पावसाळी मातीत निमूटपणे करतात. अर्थात शेणखताचे महत्त्व याने कमी होत नाही. नत्राचा अणू दोहोंकडे तोच असला, तरी शेणखत जमिनीला सेंद्रिय कर्बही देते, जो युरिया देत नाही. 'रासायनिक की सेंद्रिय' या आजच्या वादात दोन्ही बाजूंना अणूचे एवढे ज्ञान असते, तर वाद बराच निवळला असता. पोत्यापासून निघालेला विद्यार्थी साऱ्या रसायनशास्त्रात हिंडून येऊ शकतो. नुसत्या पाठांतरापासून निघालेला परीक्षागृहापर्यंतच पोचतो.

यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही की मोठा निधी लागत नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेत खताची रिकामी पोती भिंतीवर लावावीत आणि रेणुवस्तुमानाची उदाहरणे त्यांवरून घालावीत. नायट्रोजन आणि नत्र ही दोन्ही नावे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. विद्यार्थ्यांनी आपापल्या शेतातली माती आणावी, तिचा सामू वर्गात पाहावा आणि सविस्तर तपासणीसाठी नमुने पाठवावेत. १९७२ पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे. त्याचे प्राध्यापक आणि तालुक्यातील शाळा यांच्यात तासाभराच्या रस्त्याचेच अंतर आहे, ते कापण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून चालू आहे. तिच्या पत्रिका अनेक घरांत न वाचताच पडून असतात. त्या घरातल्या नववीच्या मुलाने ती वडिलांना मोठ्याने वाचून, अर्थ लावून दाखविणे, हाच त्या वर्षीचा प्रात्यक्षिकाचा एक प्रयोग का असू नये?

प्रयोगशाळा नाही, ही सबब आपण फार वर्षे सांगत आलो. पाथरीच्या शिवारात दर हंगामात हजारो पोत्यांच्या अभिक्रिया घडत असतात, आणि त्यांचा खर्च शेतकरी कर्ज काढून सोसत असतो. एवढी मोठी प्रयोगशाळा दाराशी असताना तिच्यातला हिशेब मुलांना वाचता येऊ नये, ही विद्यार्थ्यांच्या बुद्धीची नव्हे, आपल्या शिकविण्याची उणीव आहे. आणि ती दूर करण्याचे काम येत्या जूनपासूनही सुरू करता येईल.