परिपाठातली ती चाल कोणाची? शाळेच्या प्रार्थनेमागचे संगीतकार वसंत देसाई

वसई : अर्नाळा असो, आगाशी असो की नायगाव, सकाळी शाळेजवळून गेलं की परिपाठाचा आवाज येतो. अनेक शाळांत 'ऐ मालिक तेरे बंदे हम' किंवा 'हमको मन की शक्ती देना' म्हटलं जातं. पोरांना शब्द पाठ असतात, पण चाल कोणाची हे विचारलं तर सांगता येत नाही. दोन्ही चाली एकाच मराठी माणसाच्या आहेत, वसंत देसाई यांच्या.

कोण होते देसाई?
जन्म १९१२ चा, कुडाळ तालुक्यातल्या सोनवडे गावचा. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीत पडेल ते काम करत ते संगीत शिकले. पुढे व्ही. शांताराम यांच्या 'शकुंतला' (१९४३) आणि 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या चित्रपटांना त्यांनी संगीत दिलं. पहिली प्रार्थना 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मधली, म्हणजे मुळात कैद्यांसाठीची. दुसरी 'गुड्डी' (१९७१) मधली, ती मात्र शाळेच्याच प्रसंगासाठी.

शेकडो मुलं एकत्र कशी गातात?
एक चाल भैरवीत, दुसरी केदारात. राग शास्त्रीय असले तरी लय संथ, ओळी छोट्या आणि श्वास घ्यायला जागा. त्यामुळे न शिकलेलं मूलही सुरात सामील होतं. शाळकरी मुलांना एकत्र गायला लावणाऱ्या 'एक सूर एक ताल' या उपक्रमासाठीही देसाई झटले.

बॅण्डवर वाजवायची तर?
इथे मेहनत वाढते. पेटीवर 'सी' दाबला की पांढरी एक वाजते. नेहमीच्या ट्रम्पेटवर कागदावरचा 'सी' वाजवला तर काळी पाच ऐकू येते. म्हणून ट्रम्पेटवाल्याला सगळे सूर एक पूर्ण स्वर वर लिहून द्यावे लागतात. बासरीला वेगळा कागद, ड्रमला वेगळा. हे न करता सगळ्यांना एकच कागद दिला तर बॅण्ड बेसूर होतो आणि बोल मात्र पोरांना बसतात.

संयुक्त राष्ट्रांत १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी गायलेल्या 'मैत्रीं भजत'ची चालही देसाईंचीच. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचं निधन झालं.

दरवर्षी २२ डिसेंबरला परिपाठात गुरुजींनी दोन मिनिटं काढून हे नाव सांगितलं, तर रोज गाणाऱ्या पोरांना आपण कोणाची चाल गातो ते कळेल.