कियामाचे पाच दिवस

परदेशप्रवास आपल्या समाजात आता नवलाचा राहिलेला नाही. सोबत स्वयंपाकी महाराज घेऊन निघणाऱ्या सहली, विमानात आधी सांगितले की मिळणारे जैन भोजन, हॉटेलात वेळेवर होणारी चौविहाराची सोय, यांमुळे सत्तरीकडे झुकलेली जोडपीही निर्धास्तपणे ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन येतात. परतल्यावर छायाचित्रे दाखवली जातात. परंतु त्याच देशात पंचवीस-तीस वर्षे राहणाऱ्या जुन्या मित्राकडे गेलात का, असे विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते: वेळ नव्हता, आणि आपल्या नियमांचा भार दुसऱ्याच्या घरावर कशाला टाकायचा?

पुण्याच्या मार्केट यार्डातील एका भुसार व्यापाऱ्यांचेही उत्तर पुष्कळ वर्षे हेच होते. कॉलेजात त्यांच्याच बाकावर बसणारा मित्र 1984 मध्ये ऑस्ट्रेलियाला गेला. पोर्ट केंब्ला येथील पोलाद कारखान्याच्या हिशेब विभागात त्याने नोकरी केली आणि निवृत्तीनंतर सिडनीच्या दक्षिणेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या कियामा या किनाऱ्यावरील गावी तो स्थायिक झाला. आरंभी निळ्या एरोग्रामवर पत्रे येत-जात. पुढे ती विरळ झाली, आणि अखेरीस उरला तो संवत्सरीला मोबाइलवर जाणारा ‘मिच्छा मि दुक्कडं’चा संदेश, जो शेठजींच्या यादीतील सर्वांना एकाच वेळी जात असे. गतवर्षी मित्राच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाल्याचे कळले तेव्हा शेठजींनी कार्तिकी पौर्णिमेनंतरची सहल नोंदवली, आणि गट सिडनीहून परतल्यावर आणखी पाच दिवस राहण्याचे ठरवले.

ठरवले खरे, पण कियामात त्यांनी हॉटेल शोधायला सांगितले. फोनवर हे ऐकून मित्र काही बोलला नाही. फोन त्याच्या पत्नीने घेतला. “भाऊजी, हॉटेलातच उतरायचे असेल तर कियामाला येऊच नका. आणि वहिनींना फोन द्या, मला त्यांच्याकडून सगळे लिहून घ्यायचे आहे.” त्या संध्याकाळी दोन्ही गृहिणींचे तासभर बोलणे झाले. काय चालते, काय चालत नाही, पाणी कसे उकळायचे, किती वेळ चालते, सारे वहीत उतरले. कांदा, लसूण आणि बटाटा यांवाचून चूल न पेटणारे ते घर. तरी त्यांनी दोन नवी पातेली आणि एक कढई आणून वेगळ्या फळीवर ठेवली.

सहलीचा भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे. मेलबर्नहून ‘ग्रेट ओशन रोड’चा दिवसभराचा प्रवास झाला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी आपल्या मृत सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ 1919 ते 1932 या काळात डोंगर फोडून हा रस्ता बांधला, ही माहिती मार्गदर्शकाने सांगितली तेव्हा निम्मी बस झोपेत होती. समुद्रात उभे असलेले चुनखडीचे ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ हे सुळके नावाप्रमाणे बारा नाहीत. 2005 मध्ये त्यांतला एक ढासळला आणि आठ राहिले. ते पाहायला अर्धा तास मिळाला आणि जायला-यायला सारा दिवस गेला.

विमानतळावरचा एक प्रसंग मात्र प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावा. शेठाणींनी सामानात खाखरे, मुगाचे पापड, घरचे तूप आणि मित्रासाठी खास साताऱ्याचे कंदी पेढे घेतले होते. ऑस्ट्रेलियात बाहेरचे रोग शेतीत आणि गुरांत शिरू नयेत म्हणून खाद्यपदार्थांची तपासणी अतिशय कडक असते. विमानात मिळणाऱ्या पत्रकावर आपल्याजवळ अन्न आहे हे स्पष्ट लिहावे लागते. लिहिले तर फार तर पदार्थ काढून घेतला जातो. लपवले तर मोठा दंड होतो. शेठजींनी सर्व लिहिले. खाखरे आणि पापड सुटले, दुधाचे पदार्थ म्हणून तूप आणि पेढे टोपलीत गेले. चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या पायऱ्यांवर दोघे मिळून जे पेढे खात, ते मित्रापर्यंत पोचले नाहीत, याची हळहळ शेठजींना पाच दिवस पुरली.

सिडनीच्या सेंट्रल स्थानकावरून कियामाला थेट रेल्वे जाते आणि सुमारे अडीच तास घेते. दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताची खिडकी धरावी. शहर संपले की राष्ट्रीय उद्यानाचे जंगल लागते, मग बोगदे येतात, आणि एका वळणावर खाली एकदम समुद्र उघडतो. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून रेल्वे, रस्ता व घरे. पुढे वुलनगाँग हे मोठे शहर, त्यालगत पोर्ट केंब्लाच्या कारखान्याची धुराडी. ती दिसली तेव्हा शेठजी उठून उभे राहिले. ज्या पत्त्यावर त्यांनी वर्षानुवर्षे पत्रे टाकली होती, तो पत्ता त्या धुराड्यांच्या जवळपासचाच होता.

कियामा स्थानकावर मित्र उभा होता. दोघांनी एकमेकांना ओळखायला क्षणभर घेतला, हे पुढे दोघांनीही नाकारले.

घरात शिरताच शीतकपाटाच्या दारावर चिकटवलेला कागद शेठाणींच्या नजरेस पडला. त्यावर पाचही दिवसांच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा लिहिलेल्या होत्या. ज्या गोष्टीची शेठजींना सर्वांत अधिक धास्ती होती, ती सूर्यानेच सोडवली होती. दक्षिण गोलार्धात नोव्हेंबर-डिसेंबर हा उन्हाळा. त्यातच या राज्यात ऑक्टोबर ते एप्रिल घड्याळ एक तास पुढे केलेले असते. त्यामुळे नोव्हेंबरअखेरीस सूर्य पावणेआठ वाजून गेल्यावर मावळतो. साडेसहाला सर्वांनी एकत्र जेवायचे आणि नंतर उजेडातच किनाऱ्यावर फिरायला जायचे, असा क्रम आपोआप बसला. जूनमध्ये हेच गणित उलटते. तेव्हा सिडनीत पाच वाजण्यापूर्वीच सूर्यास्त होतो, आणि नोकरी करणाऱ्या तेथील जैन कुटुंबांची खरी कसोटी त्या दिवसांत लागते. आपला चातुर्मास त्यांच्याकडे बहुतांशी हिवाळा आणि वसंताचा आरंभ यांत येतो. घरून नेलेले पंचांग या कामी निरुपयोगी ठरते. नवकारसीसाठीदेखील तेथल्या सूर्योदयापासूनच अठ्ठेचाळीस मिनिटे मोजावी लागतात.

बाहेरच्या खाण्याचा प्रश्न राहतो. किनाऱ्यावरील प्रत्येक गावात तळलेल्या मासळीची दुकाने असतात, आणि ज्या तेलात मासे तळले त्याच तेलात बटाट्याचे काप तळण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. कंदमुळे खाणाऱ्या शाकाहारी माणसानेही तेथे विचारल्याशिवाय काही घेऊ नये. यजमानीण बाईंनी पाचही दिवस डबा सोबत बांधला. शेठाणींनी त्यांना गट्ट्याची भाजी शिकवली, त्यांनी शेठाणींना तेथल्या भोपळ्याचे भरीत करून वाढले.

कियामाचा परिसर व्यापारी माणसाला रस वाटावा असा आहे. मागे हिरव्या टेकड्या आणि त्यांवर दगडी गडगे घातलेली कुरणे, पुढे समुद्र. येथील काळा दगड जहाजांतून सिडनीला जाई आणि तेथील रस्त्यांखाली पसरला जाई. दुधाचा धंदाही येथे जुना; 1884 मध्येच येथे शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर लोण्याचा कारखाना काढला होता. सहकारी दूधसंघांच्या महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांनी त्या तारखेवर बराच वेळ चर्चा केली. एके दिवशी मित्राने गाडी काढून उत्तरेचा किनारा दाखवला: कड्याला न टेकता समुद्रावरून वळत जाणारा 665 मीटर लांबीचा, 2005 मध्ये खुला झालेला सी क्लिफ पूल, आणि हेलन्सबर्ग येथील श्रीव्यंकटेश्वराचे मंदिर. ते 1985 मध्ये उभे राहिले तेव्हा मित्राला या देशात जेमतेम वर्ष झाले होते. “देवासाठी येत नव्हतो फारसा,” तो म्हणाला, “आपल्यासारखी माणसे दिसत म्हणून येत होतो.”

गावाची ख्याती मात्र दीपगृहाजवळच्या ‘ब्लोहोल’मुळे आहे. लाव्हाच्या खडकात लाटांनी कोरलेली ही गुहा. लाट आत शिरली की कोंडलेली हवा आणि पाणी वरच्या छिद्रातून उंच फवाऱ्यासारखे उसळते. 1797 मध्ये जॉर्ज बास या दर्यावर्दीने त्याची नोंद केली. शेजारचे पांढरे दीपगृह 1887 चे. समुद्राची भरती-ओहोटी नव्हे, तर लाटांची दिशा येथे महत्त्वाची: आग्नेयेकडून जोरकस लाटा आल्या तरच फवारा उंच जातो. चौथ्या दिवशी सकाळी दोघे मित्र तेथे गेले तेव्हा समुद्र शांत होता. खालून नुसता गुरगुरण्याचा आवाज येई आणि थोडे तुषार उडत. पर्यटक पाच मिनिटे थांबून निघून जात होते. हे दोघे बाकावर बसून राहिले.

तेथे शेठजींनी जे बोलायचे होते ते बोलायला घेतले. 1993 च्या दिवाळीच्या तोंडावर मित्राचे वडील पुण्यात वारले होते. मित्राला विमानाचे तिकीट मिळेना. त्याने रात्री दुकानावर फोन केला आणि म्हटले, माझ्या जागी तू उभा राहा, आई एकटी आहे. शेठजींनी हो म्हटले. पण बाजाराची ऐन गर्दी होती, देणी-घेणी मिटवायची होती. त्यांनी मुनीमजींना पाठवले, सोबत पैसे दिले, आणि स्वतः गेले ते तेराव्याला. याविषयी मित्राने कधी एक अक्षर काढले नाही. पत्रे विरळ झाली ती त्यानंतर.

“दरवर्षी तुला ‘मिच्छा मि दुक्कडं’ पाठवतो,” शेठजी म्हणाले, “पण ते सगळ्यांना जाते. या एका गोष्टीचे म्हणून कधी म्हटले नाही. ते म्हणायला आलो आहे.” आणि त्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी हात जोडले.

मित्र बराच वेळ समुद्राकडे पाहत होता. “मी रागावलो होतो, खोटे कशाला सांगू,” तो म्हणाला. “पाच-सात वर्षे तरी. पण शेठ, तुझ्याहून जास्त राग माझा माझ्यावर होता. मुलगा मी होतो. मला पोचता आले नाही, आणि तुला नावे ठेवणे सोपे होते.” थोड्या वेळाने त्याने विचारले, “आई तेव्हा काय म्हणाली होती?” शेठजींना ते आठवत होते. तेराव्याच्या दिवशी त्या माउलीने त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिले नव्हते आणि कांदा-लसूण न घातलेले वेगळे वाढले होते. हे ऐकल्यावर मित्राने चष्मा काढून पुसला. दोघे अकरा वाजेपर्यंत तेथेच होते. फवारा त्या दिवशी काही उडाला नाही.

आपल्याकडे क्षमापनेचे संदेश आता हजारोंच्या संख्येने जातात, सुबक चित्रांसह जातात. त्यांत वाईट काही नाही. परंतु ज्याचे खरे देणे आहे त्याचे नाव त्या यादीत बहुधा दाबून गेलेले असते, आणि त्याच्या दारी जाण्यास तिकीट, व्हिसा व विमा यांखेरीज आणखी काही लागते. शेठजींना त्यासाठी तीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि मित्राच्या शस्त्रक्रियेचे निमित्त व्हावे लागले.

पाचव्या दिवशी दुपारी चारच्या गाडीने पाहुणे निघाले. पुढल्या कार्तिकात मित्राने पुण्याला यावे असे ठरले. डॉक्टर परवानगी देतील की नाही, हे त्याने सांगितले नाही आणि शेठजींनीही विचारले नाही. साताऱ्याचे पेढे तेव्हाच खायचे, एवढे पक्के झाले. गाडी येण्यापूर्वी यजमानीण बाईंनी शेठाणींच्या हाती एक डबा आणि उकळलेल्या पाण्याची बाटली दिली.

“थेपले आहेत, तुमच्याच कढईतली भाजी आहे,” त्या म्हणाल्या. “सिडनीला पोचेपर्यंत थांबू नका. आज सूर्यास्त सात बावन्नला आहे.”