सोबत या, पण रान उठवू नका

पेन्सिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार आला की डोंगराळ भागातल्या लाकडी कॅम्पांमध्ये भल्या पहाटे दिवे लागतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा बंदुकीचा हंगाम त्या दिवशी सुरू होतो. १९६३ ते २०१८ पर्यंत तो सोमवारी सुरू व्हायचा आणि राज्यातल्या कितीतरी शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची, इतका हा घरोघरचा मामला. आजोबा, काका, चुलतभाऊ, जावई असे सगळे एका छपराखाली जमतात. त्यांच्यात शिकारीचा परवाना नसलेला एखादा हमखास असतो. कोणाचा मेहुणा दुसऱ्या राज्यातून आलेला, तर कोणाची बहीण फक्त जंगल पाहायला निघालेली. अशा नातेवाइकाला रानात बरोबर नेता येते का?

नेता येते. अट एवढीच की त्याने शिकारीत कसलाही हातभार लावायचा नाही. हा हातभार कुठे सुरू होतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो आणि घोटाळा तिथेच होतो.

चाप ओढणारा तो शिकारी, बाकीचे प्रेक्षक, असे सर्वसाधारणपणे धरले जाते. पेन्सिल्व्हेनियाचा कायदा तसे मानत नाही. त्याच्या व्याख्येत प्राण्याचा पाठलाग करणे, माग काढणे, आवाज काढून त्याला जवळ बोलावणे, दबा धरून बसणे, या कामासाठी कुत्रा वापरणे, एवढेच नव्हे तर दुसऱ्याला यातल्या कशातही मदत करणे, हे सगळे शिकारीतच मोडते. म्हणजे ज्याच्या हाताला बंदूक लागलेलीही नाही, तोसुद्धा कायद्याच्या नजरेत शिकारी ठरू शकतो.

हाक्याचेच पाहा. चार-पाच जण झुडपांतून ओळीने चालत निघतात, काठ्या आपटतात, आरोळ्या देतात. हरणे उठून पुढे पळतात आणि पलीकडच्या उतारावर बसलेल्यांच्या टप्प्यात येतात. पुतण्याला बंदूक द्यायची नाही हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून त्याला या ओळीत उभे केले जाते. पोराला मजा, मोठ्यांना मदत, असा साधा हिशेब. पण त्या ओळीत पाऊल टाकताच पुतण्या विनापरवाना शिकार करू लागलेला असतो. ‘काका, ते बघा डावीकडे हरीण!’ अशी खूण करणेही याच वाटेने जाते. रानात गस्त घालणारा वॉर्डन नाते विचारत नाही, कोण काय करत होते एवढेच पाहतो.

हा कठोरपणा अकारण नाही आणि मराठी वाचकाला तो परकाही वाटू नये. संस्थानी काळातल्या शिकारी हाकेकऱ्यांच्या जिवावर चालत. मचाणावर बसणारा शेवटची गोळी तेवढी झाडायचा. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही शिकारीच्या व्याख्येत प्राणी हाकून आणण्याचा समावेश केला आहे. आपल्याकडे हौशी शिकारीचा परवानाच मिळत नाही, तिकडे मिळतो. पण हाकणारा आणि मारणारा एकाच कामाचे दोन भाग आहेत, हे दोन्ही कायद्यांना मान्य आहे.

मग बरोबर आलेल्याने करायचे तरी काय? शिकाऱ्याच्या शेजारी गप्प बसावे, पाहावे. हत्यार बाळगू नये, शिट्टी वाजवू नये, माग दाखवू नये. आणि केशरी कपडे घालावेत, यात हयगय नको. हरणांच्या बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याच्या डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर मिळून २५० चौरस इंच झगझगीत केशरी रंग चहूबाजूंनी दिसला पाहिजे, असा नियम आहे. करड्या जाकिटातला निःशस्त्र पाहुणा पानगळीच्या रानात दिसेनासा होतो, आणि गोळीला पाहुणा कोण ते कळत नाही.

नुसते पाहून ज्याचे समाधान होत नाही, त्याच्यासाठी वेगळी सोय आहे. २००६ पासून या राज्यात बारा वर्षांखालच्या मुलांना जाणत्या शिकाऱ्याच्या हाताखाली शिकार करता येते. त्यासाठी मुलाच्या नावाने स्वतंत्र परवाना काढावा लागतो. तो अगदी थोड्या पैशांत मिळतो. शिकवणारा किमान २१ वर्षांचा आणि स्वतः परवानाधारक हवा. एका मोठ्यामागे एकच मूल, आणि दोघांत मिळून एकच हत्यार. चालताना ते मोठ्याच्याच हातात राहते. झाडाच्या बुंध्याशी दोघे टेकून बसले, हालचाल थांबली, की मग बंदूक मुलाच्या हातात जाते, तीही मोठ्याचा हात पोहोचेल इतक्या अंतरावर. मुलाने नेम धरताना नळी भलतीकडे वळली, तर ती त्याच क्षणी धरता यावी, हा त्यामागचा विचार. या नियमांत सगळ्यात शहाणपणाचा हाच म्हणायला हवा, कारण अंतर इथे मीटरात न सांगता हाताच्या लांबीने सांगितले आहे. पुढे मोठ्या माणसांसाठीही अशी उमेदवारीची योजना आली. तिच्यात प्रशिक्षणवर्ग न करता काही मर्यादित वर्षे शिकार करता येते.

बारा वर्षे पूर्ण झाल्यावर प्रशिक्षणवर्ग करून कनिष्ठ परवाना काढता येतो. इथे मात्र कायदा नात्याला किंमत देतो. १२ आणि १३ वर्षांच्या मुलाबरोबर आई, वडील, कायदेशीर पालक किंवा घरातली १८ वर्षांवरची व्यक्ती हवीच, आणि ती बोललेले मुलाला सहज ऐकू येईल इतक्या जवळ हवी.

बदकांच्या बाबतीत अमेरिकेच्या संघीय नियमांनी गमतीची उलटापालट केली आहे. लहान शिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या खास दिवशी बदकावर गोळी मुलानेच झाडायची. बरोबरचा मोठा माणूस कितीही मुरलेला शिकारी असो, त्याने त्या दिवशी बदक मारायचे नाही.

हरीण पडले की टॅगचा, म्हणजे मारलेल्या हरणाला लावायच्या परवान्याच्या चिठ्ठीचा, प्रश्न येतो. ज्याने मारले त्याचाच टॅग, आणि हरीण जागेवरून हलवण्याआधी तो लावलेला हवा. ‘माझा टॅग संपला, भावाचा लावू’ ही घरगुती तडजोड इथे गुन्हा आहे. सात वर्षांखालच्या मुलासाठी तेवढा शिकवणाऱ्याला आपला टॅग देता येतो.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. संघीय शस्त्रकायद्यानुसार एच-१बी, एफ-१ किंवा बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा काडतुसे ताब्यात ठेवता येत नाहीत. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार-परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. त्यामुळे शेजारच्या शिकारी मित्राबरोबर कॅम्पवर गेलेल्या, पुण्याहून आलेल्या मेहुण्याच्या हातात ‘जरा धर, मी कुंपण ओलांडतो’ म्हणून बंदूक देणे ही साधी मदत राहत नाही; मेहुण्यावर थेट संघीय गुन्हा दाखल होऊ शकतो. कुंपण ओलांडायचेच असेल तर काडतुसे काढावीत, रिकामी बंदूक तारेपलीकडे जमिनीवर ठेवावी, आणि पाहुण्याने दोन पावले मागे उभे राहावे.