अन्न पुन्हा उकळलं म्हणजे विष गेलं, असं नाही. भंडारा, सप्ताह अन् लग्नघरांनी हे लक्षात ठेवा

दौलताबाद : श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्या भाविकांची रीघ रात्रभर दौलताबादच्या रस्त्यानं सुरू असते. वाटेत ठिकठिकाणी चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटली जाते. यामागचा सेवाभाव मोठा आहे. पण संध्याकाळी शिजवलेलं मोठं पातेलं पहाटेपर्यंत वाटायचं असेल, तर मधल्या आठ-दहा तासांत त्या अन्नात काय घडू शकतं, हे वाढणाऱ्यालाही आणि खाणाऱ्यालाही माहीत असायला हवं.

आपल्याकडं एक समज घट्ट बसलेला आहे. अन्न थोडं जुनं झालं तरी चालतं, खळखळून उकळलं की सगळे जंतू मरतात. यातलं अर्धंच खरं आहे. उकळल्यावर बरेचसे जंतू मरतात. पण त्यांनी अन्नात सोडलेलं विष दरवेळी जातंच असं नाही.

एक पातेलं, अख्खं गाव

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाणा गावी हरिनाम सप्ताह सुरू होता. एकादशीनिमित्त भगर-आमटीचा प्रसाद झाला. त्याच रात्री शेकडो लोकांना मळमळ, उलट्या, जुलाब सुरू झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात. लोकांना बाहेर उघड्यावर झोपवून, झाडांना दोऱ्या बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडी इथंही धार्मिक कार्यक्रमातल्या जेवणानंतर आसपासच्या गावांतले लोक मोठ्या संख्येनं दवाखान्यात दाखल झाले होते.

घरातलं अन्न बिघडलं तर चार माणसं आजारी पडतात. पंगतीचं बिघडलं तर गावं आजारी पडतात, आणि तालुक्याचा दवाखाना एका रात्रीत अपुरा पडतो.

जंतू वेगळा, विष वेगळं

जंतू म्हणजे जीवाणू, ज्याला आपण बॅक्टेरिया म्हणतो, तो जिवंत असतो. विष म्हणजे त्यानं तयार केलेला पदार्थ. तो जिवंत नसतो, त्यामुळं त्याला ‘मारता’ येत नाही. तो उष्णतेनं मोडला तर मोडला, नाहीतर तसाच राहतो. आतड्यावर परिणाम करणारं हे विष दोन ठिकाणी तयार होतं. काही जीवाणू ते पातेल्यातच तयार करतात, काही आपल्या पोटात गेल्यावर.

पातेल्यात तयार होणारं विष

पहिला जीवाणू स्टॅफिलोकोकस. धडधाकट माणसांपैकीही दर तीन-चार जणांमागं एकाच्या नाकात तो असतो. हातावरच्या जखमेत, पिकलेल्या फोडात, गळवात तर भरपूर असतो. स्वयंपाक करणाऱ्यानं नाकाला हात लावून किंवा जखमेच्या हातानं अन्न कालवलं की तो अन्नात उतरतो. मीठ आणि साखर दोन्ही त्याला सोसतं, म्हणून खवा, पेढा, मलईच्या मिठाईतही तो वाढतो. त्याचं विष इतकं चिवट असतं की अर्धा तास उकळूनही ते टिकू शकतं. पोटात गेल्यावर ते आतड्याजवळच्या नसांना चेतवतं, मेंदूला निरोप जातो आणि जोरदार उलट्या सुरू होतात.

दुसरा बॅसिलस सेरेयस. हा मातीत राहतो, म्हणून तांदूळ, धान्य, मसाल्यांसोबत घरात येतो. संकट आलं की तो स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. या रूपाला बीजाणू म्हणतात. भात शिजवताना बीजाणू मरत नाहीत. शिजलेला भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. उलट्या करवणारं त्याचं विष १२१ अंश सेल्सिअसलाही टिकतं. आपलं उकळतं पाणी १०० अंशांच्या पुढं जात नाही. म्हणजे रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली, तर भात चविष्ट होईल, पण विष झालं असेल तर ते तसंच राहील.

या विषाला वास नसतो, चव नसते, रंगही नसतो. त्यामुळं ‘वास येत नाही, म्हणजे चांगलं आहे’ हा हिशेबही चुकतो.

पोटात तयार होणारं विष

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा जीवाणू मटणाचा रस्सा, दाट आमटी अशा मोठ्या भांड्यातल्या अन्नात वाढतो. त्याचेही बीजाणू उकळीतून वाचतात. भांडं हळूहळू थंड होतं, मधला भाग तासन् तास कोमट राहतो, आणि तेवढ्या उबेत तो दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. असं अन्न खाल्लं की तो आतड्यात विष सोडतो, मग मुरडा आणि जुलाब सुरू होतात. इथं मात्र वाढण्याआधी वाफा येईपर्यंत नीट गरम केल्याचा फायदा होतो, कारण वाढलेले जीवाणू त्यात मरतात.

पटकी म्हणजे कॉलराचं विषही आतड्यातच तयार होतं. ते आतड्याला इजा करत नाही, तर तिथला पाण्याचा नळ जणू उघडा ठेवतं. शरीरातलं पाणी आणि क्षार आतड्यात उतरतात आणि जुलाबावाटे निघून जातात. पटकीचा जीवाणू असं विष सोडतो हे १९५९ साली कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी सिद्ध केलं. ई-कोलाय जीवाणूचे काही प्रकारही असंच विष तयार करतात. दूषित पाणी, न धुतलेला भाजीपाला, उघड्यावरचा बर्फ यांतून ते येतात.

विषानं पाण्याचा नळ उघडला, तरी आतडं साखरेसोबत मीठ आणि पाणी आत ओढून घेऊ शकतं. ओआरएसचा सारा आधार हाच. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं.

किती वेळात त्रास होतो?

• अर्धा ते सहा-आठ तासांत उलट्या : विष बहुधा अन्नातच तयार झालेलं होतं.
• सहा ते चोवीस तासांत मुरडा, पातळ जुलाब, ताप नाही : विष पोटात तयार झाल्याची शक्यता.
• एक-दोन दिवसांनी ताप, रक्त पडणं : जंतूनं आतड्यालाच इजा केल्याची शक्यता.

हा अंदाज आहे, निदान नाही. पण ‘किती वाजता खाल्लं आणि किती वाजता त्रास सुरू झाला’ एवढं डॉक्टरांना नेमकं सांगितलं, तर त्यांचं काम सोपं होतं.

भगरीची गोष्ट थोडी वेगळी

उपवासाच्या भगरीत विष बुरशीचंही असू शकतं. ओल लागलेल्या, जुन्या भगरीवर किंवा तिच्या पिठावर बुरशी वाढते. तिचं विषही शिजवून जाईलच याचा भरवसा नाही. म्हणून सुटी भगर आणि सुटं पीठ टाळावं. पाकिटावरची तारीख बघावी. पीठ लागेल तेवढंच, त्याच वेळी दळावं आणि भगर कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवावी.

पंगत घालणाऱ्यांनी एवढं करावं

घड्याळ हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे. साधारण ५ ते ६० अंश तापमानात जीवाणू झपाट्यानं वाढतात. दर वीस मिनिटांनी दुप्पट, या हिशेबानं चार तासांत एकाचे चार हजारांवर होतात.

• शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत वाढावं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एकाच तासाचा हिशेब धरावा.
• रात्रभर वाटप असेल तर एकदम सगळं शिजवू नये. दोन-तीन तासांनी थोडं थोडं ताजं करावं.
• वाढेपर्यंत पातेलं मंद जाळावर, वाफा येत राहतील इतकं गरम ठेवावं. नुसतं झाकून ठेवणं पुरेसं नाही.
• उरलेलं ठेवायचंच असेल तर पसरट भांड्यांत थोडं थोडं काढून लवकर थंड करावं आणि फ्रीजमध्ये ठेवावं. फ्रीज नसेल तर उरवू नये.
• हाताला जखम, फोड असलेल्याला किंवा जुलाब सुरू असलेल्याला स्वयंपाकाला आणि वाढायला लावू नये. त्याला दुसरी सेवा द्यावी.
• हात साबणानं धुवावेत. टँकरचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर पिण्यासाठी ते शुद्ध करूनच वापरावं.
• कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवावं. चिरायची सुरी, पाटही वेगळे असावेत.

त्रास झालाच तर

पहिलं काम पाणी भरून काढण्याचं. एक लिटर स्वच्छ पाण्यात ओआरएसचं एक पाकीट टाकावं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावं. मीठ जास्त होऊ देऊ नये. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पुन्हा द्यावं. बाळाचं अंगावरचं दूध बंद करू नये.

मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक आणू नये. अन्नात आधीच तयार झालेल्या विषावर ते चालत नाही. ताप किंवा रक्त असताना जुलाब थांबवायची गोळीही घेऊ नये. लहान मुलांना तर ती देऊच नये.

जुलाबात रक्त, जोराचा ताप, काहीच पोटात न ठरणं, सहा-आठ तास लघवी न होणं, मूल मलूल पडणं, डोळे खोल जाणं, नजर अंधुक होणं किंवा बोलणं जड होणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नये. गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांच्याबाबतीत तर आणखी घाई करावी. १०८ ला फोन करावा किंवा जवळचं आरोग्य केंद्र गाठावं.

एकाच जेवणानंतर दोन-चार जणांना त्रास सुरू झाला, तर वाटप लगेच थांबवावं आणि आशाताईंना, आरोग्य केंद्राला कळवावं. उरलेलं अन्न घाबरून फेकू नये, झाकून बाजूला ठेवावं. तपासणीला नमुना मिळाला तरच कारण कळतं. यात कुणाची बदनामी नाही. वेळेत कळवलं तर दवाखान्याला सलाईनची तयारी करता येते, आणि ज्यांनी तो प्रसाद अजून खाल्लेला नाही, ते वाचतात.